माझ्यातून उडालेले पाखरू

मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी आहे. ग्रीस देशातल्या पिंडोस डोंगरात, अक्रोडाच्या झाडांमध्ये लपलेल्या एका गावात, खिडकीजवळच्या खुर्चीच्या पाठीवर मी पडलेली असते. माझ्या अंगावर इतकी ठिगळे आहेत की मूळची मी किती आणि ठिगळांची किती, हे आता मलाही सांगता यायचे नाही. घरी येणारा प्रत्येक पाहुणा मला दोन बोटांनी उचलून विचारतो, "हे लक्तर अजून कशाला ठेवलंय?" माझी मालकीण लांब्रिनी नुसती हसते. उत्तर लांबलचक आहे आणि तिला चुलीवरचे बघायचे असते. म्हणून ते उत्तर आज मीच देते.

मी जन्मले ती हाइदोच्या हातांनी. हाइदो म्हणजे या लांब्रिनीची आई. तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि लग्नासाठी सहा घोंगड्या विणून तयार ठेवायच्या, अशी तिच्या आईची ताकीद होती. हाइदो पाण्याला निघाली तरी काखेत लोकर आणि हातात टकळी. डोंगर चढतानाही सूत कातणे चालूच. मला विणून झाल्यावर मंजिष्ठेच्या मुळ्या उकळून त्या लाल पाण्यात बुडवले. मग पाणचक्कीशेजारच्या मोठ्या लाकडी पिंपात टाकले. त्या पिंपात वरून ओढ्याचे पाणी धो धो कोसळते आणि आतली घोंगडी गरगर फिरत राहते. दोन दिवस मी फिरले. जीव नकोसा झाला. पण बाहेर आले तेव्हा माझ्या अंगावर बोटभर लव उभी राहिली होती. लग्नात सगळ्या बायकांनी माझ्यावरून हात फिरवून पाहिला. एक म्हातारी म्हणाली, "हाइदो, जपून गं बाई, हिच्यात नवरा हरवेल तुझा!" केवढी हसली होती सगळी. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात मोठे कौतुक.

आम्हां लोकरीच्या वस्तूंची एक रीत असते. दर उन्हाळ्यात आम्हांला पिंपात धुवायचे, दगडी कुंपणावर कडक उन्हात वाळवायचे, आणि घडीत अक्रोडाची पाने घालून ठेवायचे. अक्रोडाचा उग्र वास असला की आम्हांला कीड लागत नाही. हाइदोने ही रीत एक वर्षही चुकवली नव्हती. चुकवली ती पुढे, आणि तीही मायेपोटी.

हाइदोची पहिली दोन मुले पाळण्यातच गेली. तिसरा मुलगा झाला तेव्हा त्याला जगवण्यासाठी गावाचा जुना उपाय केला. बाळाला माझ्यात गुंडाळून तिठ्यावर ठेवले. पहिला जो वाटसरू येईल, त्याने बाळाचे नाव ठेवायचे. एक कल्हईवाला गाढव हाकत आला, त्याने टोपी काढून डोके खाजवले आणि नाव ठेवले झिसिस. म्हणजे 'जगो'. आणि पोरगा जगला की! चांगला धिप्पाड झाला. फक्त अंधाराला भ्यायचा. दिवा मालवला की माझ्याखाली डोके खुपसून ओरडायचा. त्याची धाकटी बहीण लांब्रिनी त्याला चिडवायची, "लांडग्याला भीत नाही नि काळोखाला भितो, वा रे मेंढपाळ!" शेवटी हाइदोने देवापुढचा दिवा त्याच्यासाठी सरकवून ठेवला. बाप महायुद्धातल्या उपासमारीत गेला. त्यानंतर त्या घरात एक आई, दोन मुले आणि तो दिवा.

मग ते वाईट वर्ष आले. बाहेरचा शत्रू गेला होता आणि आता भाऊ भावावर बंदूक रोखत होता. डोंगरातल्या लढवय्यांबरोबर झिसिस गेला. कुणी म्हणते गेला, कुणी म्हणते नेला. तो एकोणीस वर्षांचा होता. पहाटे हाइदो मला त्याच्या खांद्यावर टाकू लागली तेव्हा तो म्हणाला,

"नको आई, जड होईल. परत आलो की हीच पांघरेन. आणि धुऊ नकोस हं तोवर. धुतलीस की दोन दिवस ओल्या मेंढीसारखा वास मारतो हिला."

तो गमतीने बोलला होता. पण तो गेल्यावर हाइदोने मला उचलून तोंडाशी धरले आणि कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. माझ्या कडेला त्याच्या मानेचा घाम होता, दोनचार केस होते. तिने मला झटकलेसुद्धा नाही. तशीच घडी घातली, लाकडी पेटीत ठेवली, कुलूप लावले आणि किल्ली गळ्यातल्या क्रॉसच्या दोऱ्यात ओवली.

सरहद्दीपलीकडे तो दिसला, असे एकाने सांगितले. दरीत पडलेला दिसला, असे दुसऱ्याने सांगितले. विचारायचे कुणाला? त्या दिवसांत अशा मुलाची चौकशी करणेही धोक्याचे होते. लढाई संपली. कुणाचे प्रेत आले, कुणाचे पत्र आले. झिसिसचे काहीच आले नाही.

मी पेटीत सात वर्षे राहिले. मित्रांनो, अंधार मला नवा नव्हता, पण हलवणारे कुणी नसणे नवे होते. दुसऱ्याच वर्षी पेटीच्या फटीतून एक इवलेसे पाखरू आत आले. फिकट पिवळे, गव्हाच्या दाण्याएवढे. त्याने माझ्या लवेत अंडी घातली आणि मेले. अंड्यांतून अळ्या निघाल्या. तुम्ही याला कसर म्हणता. कसरीला घामट लोकर आवडते, काळोख आवडतो आणि कुणी हात न लावलेली जागा आवडते. हाइदोने तिला तिन्ही गोष्टी ताटात वाढून दिल्या होत्या. अळ्यांनी सुरुवातच केली ती जिथे झिसिसची मान घासायची तिथून. मला कुरतडत होत्या तेवढे सोसले असते मी. पण आईने ज्याच्यासाठी मला कोंडले होते, तेच त्या खात होत्या, आणि मी हाक मारू शकत नव्हते.

दर उन्हाळ्यात लांब्रिनी पेटीपाशी येऊन म्हणायची, "आई, सगळ्यांना ऊन दाखवलं. हिनंच काय घोडं मारलंय?"

"हात लावशील तर हात मोडीन," हाइदो म्हणायची. "तो आला की काढीन."

"तोवर हिचा भुगा होईल."

"जीभ आवर."

आता एक रीत सांगते, कारण सगळे तिच्यावरच येऊन ठेपले. आमच्याकडे असे मानतात की ईस्टरपासून पन्नास दिवस मेलेली माणसे मोकळी असतात. आपापल्या घराभोवती फिरतात. मग शेवटच्या शनिवारी त्यांना परत जावे लागते. त्या दिवशी उकडलेल्या गव्हाचा प्रसाद घेऊन बायका चर्चमध्ये जातात आणि नावांचा कागद पाद्रीबाबांना देतात. कागदाच्या डाव्या बाजूला घरातली जिवंत माणसे, उजव्या बाजूला गेलेली. पाद्री ती नावे मोठ्याने वाचतो. ज्याचे नाव उजवीकडे वाचले जाते, त्याला परतीच्या वाटेवर घास मिळतो. नाव राहिले तर तो उपाशी जातो. आणि जिवंत माणसाचे नाव चुकून उजवीकडे गेले तर त्याचे आयुष्य तिथेच तुटते, असेही मानतात.

हाइदोला लिहिता येत नव्हते. दर वर्षी लांब्रिनी लिहायची. उजवीकडे बाप आणि दोन बाळे. डावीकडे हाइदो, लांब्रिनी, झिसिस. सात वर्षे झिसिस डावीकडे होता.

आठव्या वर्षी, ईस्टरनंतर तिसऱ्याच संध्याकाळी, पेटीच्या फटीतून माझे एक पाखरू बाहेर पडले. दिवेलागणीच्या मंद उजेडात ते भिंतीच्या कडेने उडाले आणि झिसिसच्या फोटोवर बसले.

नेमकी त्याच वेळी गारुफालिया घरात होती. ही हाइदोची मोठी नणंद. शेजारीच राहायची, आणि गावात कुणाचे दूध नासले तरी तिला आधी कळायचे. तिने ते पाखरू पाहिले आणि तीन वेळा छातीवर क्रॉसची खूण केली.

"हाइदो," ती हळूच म्हणाली, "प्सिखारी."

आमच्या भाषेत प्सिखी म्हणजे जीव, आत्मा. आणि संध्याकाळी दिव्याच्या वेळी घरात येणाऱ्या पाखराला आम्ही म्हणतो प्सिखारी. म्हणजे इवलासा आत्मा. ते घरातल्याच कुणाचे तरी असते, म्हणून त्याला कुणी मारत नाही, हाकलत नाही. हे सगळ्यांनाच ठाऊक होते. गारुफालियाने बाकी काही बोलायची गरजच नव्हती, पण न बोलता ती राहिली असती तर ती गारुफालिया कसली!

"फोटोवरच बसलंय बघ. दुसऱ्या कुणाचं असतं तर दुसरीकडं बसलं असतं."

हाइदोने हातातले भांडे खाली ठेवले. पाखरू फोटोवरून उठले, पेटीकडे आले आणि झाकणाखालून परत माझ्यात शिरले.

"आपल्या घोंगडीत गेला," हाइदो म्हणाली. 'गेले' नाही म्हणाली ती. 'गेला' म्हणाली.

अगं बाई, मला ओरडायचे होते, हे माझ्याच अंगावर पोसलेले आहे! तुझ्या मुलाला खाऊन मोठे झाले आहे हे, तुझा मुलगा नाही! पण घोंगडीला तोंड नसते.

त्यानंतरचे दिवस आठवले की अजून माझी लव उभी राहते. रोज संध्याकाळी एकदोन पाखरे बाहेर पडायची. हाइदोला एका वेळी एकच दिसायचे, आणि तिला ते रोज तेच वाटायचे. ती पेटीवर पावाचा तुकडा नि पाण्याची वाटी ठेवायची. पेटीशी बसून बोलायची.

"कुठं पडलास रे माझ्या राजा? बर्फात होतास का? कुणी डोळे मिटले का तुझे? काळोख होता का रे तिथं?"

मग उत्तराची वाट बघायची. माझ्या आत अळ्या कुरतडत असायच्या, आणि बाहेर ती कान लावून बसायची. सात वर्षे तिने डोळ्यांत पाणी येऊ दिले नव्हते, कारण जिवंत मुलासाठी रडणे अशुभ. आता तिने बांध सोडला. चूल पेटेना, मेंढ्या लांब्रिनीच बघू लागली. हाइदो वाळून काडी झाली.

एका संध्याकाळी लांब्रिनीने मुद्दाम देवापुढचा दिवा उचलून पेटीजवळ आणला. पाखरू बाहेर आले होते. उजेड पडताच ते घाईघाईने पळून पेटीमागे दडले.

"बघ आई. दिव्याला भितंय."

"मग?"

"मग काय मग! झिसिस काळोखाला भ्यायचा. दिव्याशिवाय झोपला का कधी? त्याचा जीव असता तर उजेडाकडं आला असता. हा कसला आत्मा, उजेड दिसला की धूम ठोकणारा?"

क्षणभर हाइदोच्या चेहऱ्यावर काहीतरी हलले. तेवढ्यात गारुफालिया कडाडली, "गप गं कार्टे! मेलेल्यांची परीक्षा घेतेस? त्यांना तिथली सवय लागते. तुला काय कळतंय?"

"आत्या, तुला तरी काय कळतंय? तू कधी मेलीयस?"

एक चपराक बसली. गारुफालियाची नाही, आईची. लांब्रिनी दिवा जागेवर ठेवून बाहेर निघून गेली.

शनिवार जवळ येत होता. गारुफालिया वाईट नव्हती, मित्रांनो. तिचाही तो भाचा होता. तिला खरोखर वाटत होते की पोरगा उंबऱ्यात ताटकळत उभा आहे. शुक्रवारी दुपारी गहू शिजत असताना ती हाइदोला म्हणाली, "जिवंताचं नाव मेलेल्यांत लिहू नये, खरंय. पण मेलेल्याचं जिवंतांत ठेवलं की काय होतं? त्याच्या तोंडी घास लागत नाही. सात वर्षं, हाइदो. सात वर्षं उपाशी परत पाठवतेयस पोराला."

उपाशी. या एका शब्दाने हाइदो मोडली. उपासमारीत तिने नवरा गमावला होता. ती उठली, कागद आणि पेन्सिल लांब्रिनीसमोर ठेवली.

"लिही."

"कुठल्या बाजूला?"

"उजव्या."

"मी नाही लिहिणार. माझ्या हातानं भावाला मारू?"

"तो आलाय गं! रोज येतोय! तुला दिसत नाही का?"

"मला पाखरू दिसतंय."

त्या तिघींत एकट्या लांब्रिनीलाच लिहिता येत होते, आणि तिने हात मागे बांधले होते. शेवटी गारुफालिया थिमिओस पाद्रींना घेऊन आली. ते मधमाश्या पाळायचे, म्हणून त्यांच्या दाढीला धुराचा वास यायचा. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"आत्मा पाखरू होतो असं धर्मग्रंथात कुठं लिहिलेलं नाही," ते म्हणाले. मग म्हणाले, "पण माझी आईसुद्धा दिव्यावरचं पाखरू मारू देत नव्हती. मी काय सांगू? मी फक्त वाचतो, हाइदो. कुठल्या बाजूला लिहायचं ते आईनं ठरवायचं. उद्या सकाळी तू सांगशील त्या बाजूला मी स्वतः लिहीन."

म्हणजे सुटका नाहीच. पाद्रीबाबा गेले. हाइदोने गव्हाचे पातेले चुलीवरून उतरवले. मग शांतपणे म्हणाली, "वन्सं, गेलेल्याची वस्तू दान केली की ती त्याला तिकडं मिळते ना?"

"मिळते."

"मग घोंगडी देऊन टाकते. पाणचक्कीपलीकडच्या त्या विधवेला. त्याला थंडी वाजत असेल तिथं."

आणि तिने गळ्यातली किल्ली काढली.

मित्रांनो, सात वर्षे मी या क्षणाची वाट पाहिली होती, आणि आता मला तो नको होता. मी काय दाखवणार होते तिला? कुलूप कुरकुरले. झाकण उघडले. दुपारचे ऊन एकदम माझ्या अंगावर आले, आणि माझ्यातून पाखरे उडाली. एक नाही, दोन नाही. वीस, तीस, मोजदाद नाही. पिवळट धुरळाच उठला. आणि सगळीच्या सगळी उजेडापासून पळत सुटली. पेटीखाली, भिंतीच्या भेगांत, कोनाड्यात, गारुफालियाच्या काळ्या ओढणीतसुद्धा. ती किंचाळून ओढणी झटकत उभी राहिली.

हाइदोने मला उचलले. मी अर्धी वर आले आणि अर्धी पेटीतच राहिले. तिचा हात माझ्यातून आरपार गेला. तिने जिथे झिसिसची मान टेकायची ती कड शोधली. ती कड नव्हतीच. तिने तरीही मला तोंडाशी धरले आणि श्वास ओढला. माझ्यात आता फक्त कसरीचा भुसा होता.

ती मटकन खाली बसली. मला कुशीत घेऊन अशी रडली, अशी रडली, की लांब्रिनीही सगळा राग विसरून तिच्या पाठीशी येऊन बसली. "त्याचा वास गेला गं," एवढेच ती म्हणत होती. "मी जपून ठेवला आणि माझ्याच घरात त्याला कसर लागली. मीच किल्ली घालून फिरत होते." मला त्या वेळी फाटून जावेसे वाटले, पण फाटायला उरले होते किती?

गारुफालियाला आता काहीतरी बोलणे भागच होते. "हाइदो, हे सगळे... हे आत्मे..."

हाइदोने मान वर केली. चेहरा रडून सुजला होता, पण आवाज जुना होता, मेंढ्या हाकणाऱ्या बाईचा.

"वन्सं, माझ्या एका पोराला एवढे जीव असते, तर तो लढाई जिंकून कधीच घरी आला असता."

लांब्रिनी रडता रडता फसकन हसली.

"ही कसर आहे," हाइदो म्हणाली. "काखेत कळसा नि गावाला वळसा. माझ्याच पेटीतली कसर, आणि मी तिला पाव खाऊ घालत होते!"

"मग झिसिस कुठंय?" गारुफालियाने विचारले. खोचून नाही, खरेच विचारले.

"माहीत नाही." हाइदोने डोळे पुसले. "मला माहीत नाही, वन्सं. जे माहीत नाही ते मी उजवीकडं लिहिणार नाही."

दुसऱ्या दिवशी पाद्रीबाबांनी डावीकडची नावे वाचली. हाइदो. लांब्रिनी. झिसिस. रविवारी चर्चमध्ये अक्रोडाची पाने अंथरून सगळ्यांनी त्यांवर गुडघे टेकले, तशी आमची रीतच आहे. प्रार्थना संपल्यावर हाइदोने स्वतःच्या गुडघ्याखालची पाने गोळा करून ओढणीत घेतली. सोमवारी मला पाणचक्कीवर नेले. पिंपवाल्याने मला उलगडून तिच्याकडे पाहिले.

"मावशी, ही गाळणी कशाला आणलीस?"

"तुझं डोकं गाळायला. टाक पाण्यात."

पाण्यातून मी आणखी लहान होऊन निघाले. पण उन्हात वाळले. कडक, पांढऱ्या उन्हात, दगडी कुंपणावर, सात वर्षांनी! घडीत ती पाने आली. मग हिवाळाभर हाइदोने मला ठिगळे लावली. हाताशी येईल ती लोकर, करडी, काळी, निळी. परत मला पेटी दाखवली नाही. मी खुर्चीवर, खाटेवर, लांब्रिनीच्या मुलांच्या अंगावर राहिले. आणि झिसिस दर वर्षी डाव्या बाजूला राहिला.

पण वाट बघणे संपत नाही, मित्रांनो. धुतल्याने ते स्वच्छ होते, एवढेच. आणखी नऊ वर्षे गेली. शेवटच्या हिवाळ्यात हाइदो अंथरुणाला खिळली. मी तिच्या पायांवर होते. एका सकाळी ती लांब्रिनीला म्हणाली,

"हे बरं झालं. आता मीच जाऊन बघते."

"काय बघतेस?"

"तो कुठल्या बाजूला आहे ते. तिथं तो नसला तर तुला सांगायला येईन. ईस्टरनंतर. पण दिव्याजवळ येईन हं, पेटीतून नाही. दिव्याला काच घालून ठेव, नाहीतर निरोपाची राख होईल."

लांब्रिनीने तिचा हात धरला. "आणि तिथं असला तर?"

"असला तर मी कशाला परत येऊ?" हाइदो म्हणाली. "त्याच्यापाशीच बसेन. बिचारा काळोखात असेल."

चार दिवसांनी ती गेली.

त्या वर्षी ईस्टरपासून लांब्रिनी रोज संध्याकाळी खिडकी उघडायची, दिवा लावायची, काच घालायची आणि मला खुर्चीवर टाकून समोर बसायची. पहिला आठवडा गेला. पाखरू नाही. पाऊस होता, गारठा होता. तिसरा गेला. पाचवा गेला. दिव्यावर एक चिलट फिरकेना. पूर्वी एक पाखरू दिसले म्हणून या घराने छाती पिटली होती, आणि आता एक दिसत नाही म्हणून लांब्रिनी ओठ चावत बसायची. आई येत नाही याचा अर्थ तिला तो भेटला. मला तिच्याकडे बघवत नव्हते.

शेवटचा शुक्रवार आला. टेबलावर कागद होता. उजव्या बाजूला तिने बाप, दोन बाळे, आणि त्याखाली आईचे नाव लिहिले. मग पेन्सिल त्याखालच्या रिकाम्या जागेवर टेकवली. तिने 'झ' लिहिला नव्हता, पण लिहिणार होती. मी पाहिले.

टक्.

दिव्याच्या काचेवर काहीतरी आपटले. टक्, टक्. मोठे, राखी रंगाचे पाखरू होते. अक्रोडाच्या झाडाकडून, उघड्या खिडकीतून आले होते. ते दिव्याला सोडीना. काचेभोवती फिरले, माझ्या निळ्या ठिगळावर येऊन बसले, परत दिव्याकडे गेले.

लांब्रिनी हललीसुद्धा नाही. म्हाताऱ्या झालेल्या गारुफालियाने कोपऱ्यातून पाहिले आणि या खेपेला तीच म्हणाली, "अगं, उन्हाळ्यात दिव्यावर पाखरं येतातच."

"येतात, आत्या," लांब्रिनी म्हणाली, आणि तिने पेन्सिल उचलून डाव्या बाजूला नाव लिहिले.

तो निरोप होता की नुसते पाखरू, मला सांगता येणार नाही. झिसिसचे पत्र आजवर आलेले नाही. पण एवढे मी शपथेवर सांगते, ते पाखरू माझ्यातून आले नव्हते.

म्हणून मित्रांनो, माझे एवढे ऐका. जे जपायचे ते कुलपात कोंडू नका. त्याला वर्षातून एकदा तरी ऊन दाखवा, झटका, त्याची भोके बघा, बुजवा. आणि संध्याकाळी दिव्यावर एखादे पाखरू आले तर त्याला मारू नका, त्याच्यासाठी रडूही नका. कुणाचा निरोप असेल, नसेल. दिव्याला काच तेवढी घाला.